जुन्या गाडीला रिमोटचं लॉक बसवताना

रिमोट लॉकिंगच्या किटमध्ये फारसं काही नसतं. तळहातावर मावेल एवढा डबा, त्यातून निघणाऱ्या दहा-पंधरा वायरींचा जुडगा, दोन रिमोट आणि घडी घातलेला एक कागद. त्या कागदावर चार-पाच आकृत्या छापलेल्या असतात. आपल्या गाडीला त्यातली कुठली लागू आहे, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं. बहुतेक कामं अडतात ती इथेच. डबा जोडायला दोन तास पुरतात. गाडीचं लॉक कुठल्या जातीचं आहे हे शोधायला आणि वीस वर्षं न उघडलेलं दार आतून हलकं करायला अख्खा दिवस जाऊ शकतो. म्हणून किटचं खोकं बाजूला ठेवून आधी दाराकडे बघू.

तेही करण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवून टाकू. 'कीलेस' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत रिमोटचं बटण दाबावं लागतं. दुसरीत रिमोट खिशातच असतो. तुम्ही जवळ आलात की दार उघडतं, लांब गेलात की बंद होतं. जुन्या गाडीसाठी पहिलीच घ्यावी, असं आमचं मत आहे. दुसरीतल्या स्वस्त किटना 'जवळ' आणि 'लांब' यांमधली सीमा नीट कळत नाही. रिमोट त्या सीमेवर राहिला, म्हणजे गाडी खिडकीखाली उभी आणि रिमोट घरातल्या टेबलावर, की लॉक रात्रभर खटखटत राहतं आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. चोरीचा धोकाही तिथेच जास्त. त्याबद्दल पुढे येईलच.

डब्याच्या आत काय चालतं

रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर आणि दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, एवढ्यावर सगळं चालतं. एक रिले लॉकचा, दुसरा अनलॉकचा. प्रत्येक रिलेतून तीन वायरी बाहेर येतात. मधली 'कॉमन'. रिले स्वस्थ असताना कॉमन ज्या वायरीला चिकटलेली असते ती 'नॉर्मली क्लोज्ड', थोडक्यात एनसी. बटण दाबल्यावर कॉमन ती सोडून जिला चिकटते ती 'नॉर्मली ओपन', म्हणजे एनओ. दोन रिले मिळून या झाल्या सहा वायरी. त्या कागदावरच्या सगळ्या आकृत्या म्हणजे या सहा वायरी कुठे जोडायच्या याचेच वेगवेगळे पर्याय. वायरींच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक किटचे रंग निराळे असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि डबा बंद असताना कोणत्या दोन वायरी आपसात जुळलेल्या आहेत ते पाहा. ती कॉमन आणि एनसीची जोडी. उरलेली एनओ.

लॉकची जात ओळखणं

गाडीत कंपनीचं सेंट्रल लॉकिंग असेल तर चालकाच्या दारातल्या लॉक स्विचच्या किंवा बटणाच्या वायरी शोधा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन उघड्या पत्र्याला, लाल पिन वायरीला. मग एकाने लॉकचं बटण दाबायचं आणि दुसऱ्याने मीटर बघायचा.

वायरीवर एरवी १२ व्होल्टच्या आसपास दाब आहे आणि बटण दाबताच तो शून्यावर येतो, तर लॉक निगेटिव्ह ट्रिगरचं. हा सगळ्यांत सोपा प्रकार. दोन्ही कॉमन अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या पत्र्याला जोडा, लॉकच्या रिलेचा एनओ लॉकच्या वायरीला, अनलॉकचा अनलॉकच्या वायरीला. दोन्ही एनसी वायरींची टोकं स्लीव्ह चढवून बंद करा. मूळची कुठलीही वायर कापावी लागत नाही.

एरवी शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट दिसले, की दोन शक्यता उरतात, आणि गोंधळ उडतो तो इथे. एक म्हणजे पॉझिटिव्ह ट्रिगर. त्यात वायर गाडीच्या स्वतःच्या रिलेकडे जाते. दुसरा प्रकार पोलॅरिटी उलटवणारा, म्हणजे मोटरीच्या दोन वायरींवरचे प्लस-मायनस अदलाबदल करणारा. त्यात स्विचची वायर रिले न घेता थेट मोटरला जाते. व्होल्ट दोन्हींत सारखेच दिसतात. फरक कळतो तो ओहममध्ये. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि ती वायर व पत्रा यांमधला रोध मोजा. शून्याहून बरेच जास्त, काही दशक ओहम आले तर पुढे रिलेची कॉइल आहे, म्हणजे पॉझिटिव्ह ट्रिगर. शून्याच्या जवळपास आलं तर वायर स्विचमधून थेट अर्थला टेकलेली आहे, म्हणजे पोलॅरिटी उलटवणारा.

पॉझिटिव्ह ट्रिगरची जोडणी निगेटिव्हसारखीच. फक्त दोन्ही कॉमन अर्थऐवजी फ्यूजमधून आलेल्या १२ व्होल्टला जोडायचे.

पोलॅरिटी उलटवणाऱ्या प्रकारात मात्र मूळच्या दोन्ही वायरी कापाव्याच लागतात. कापलेल्या वायरीचं स्विचकडचं टोक एनसीला, मोटरकडचं टोक कॉमनला, आणि एनओ १२ व्होल्टला. दोन्ही वायरींचं असंच. न कापता नुसता जोड मारला तर रिमोट दाबताच किटचे १२ व्होल्ट मोटरकडे जातात तसे मागे स्विचकडेही जातात, आणि तिथे वायर अर्थला टेकलेली असते. फ्यूज त्याच क्षणी उडतो. 'रिमोट दाबला की फ्यूज जातो' या तक्रारीत पहिली शंका याची घ्यावी.

आणखी दोन प्रकार क्वचित भेटतात. एकात लॉक आणि अनलॉक दोन्ही एकाच वायरीवरून चालतात. गाडी त्यातला रोध मोजून कुठलं बटण दाबलं ते ओळखते. इथे मूळ स्विचचा रोध दोन्ही बाजूंना मोजून तेवढाच रेझिस्टर लावावा लागतो, अंदाजाने चालत नाही. दुसरा हवेच्या पंपावर चालणारा, जुन्या मर्सिडीज-बेंझमध्ये आणि काही फोक्सवॅगन व आउडी गाड्यांत असायचा. त्याला अर्ध्या सेकंदाचा झटका पुरत नाही, साधारण साडेतीन सेकंद संदेश धरून ठेवावा लागतो. किटमध्ये पल्सची वेळ बदलायची सोय नसेल तर अशा गाडीसाठी ते किट घेऊ नका. दारं अर्धवट लागतात आणि दोष पंपाला दिला जातो.

गाडी खूपच जुनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काही जुन्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची असते, काहींत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असतं. बाजारातली किटं १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेली असतात. ती तशीच जोडली तर ६ व्होल्टवर डबा नीट चालत नाही आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत जळू शकतो.

सेंट्रल लॉकिंग नसेलच तर

मग दाराच्या आत मोटरी बसवायच्या. या मोटरी दोन तऱ्हेच्या मिळतात. दोन वायरींची मोटर फक्त ढकलते आणि ओढते. पाच वायरींच्या मोटरीत स्विचही असतो. तीन जादा वायरी त्याच्या. चालकाच्या दारात पाच वायरींची बसवली की तिथलं लॉक हाताने किंवा किल्लीने फिरवल्यावर बाकीची दारंही लागतात. त्यासाठी डब्याला स्विचच्या वायरी घेणारे इनपुट असायला हवेत. नसतील तर सेंट्रल लॉकिंगचा वेगळा डबा घ्या आणि रिमोटचा डबा त्याला निगेटिव्ह ट्रिगरने जोडा.

मोटरी थेट डब्यावर चालवताना दोन्ही एनसी अर्थला, दोन्ही एनओ १२ व्होल्टला आणि दोन कॉमन मोटरींच्या दोन वायरींना. चारही दारांच्या मोटरी समांतर. लॉकचा रिले ओढला की १२ व्होल्ट एका वायरीने मोटरीत शिरतात आणि दुसऱ्या, स्वस्थ बसलेल्या रिलेच्या एनसीतून अर्थला जातात. अनलॉकला हाच प्रवास उलटा.

पण वायरिंगच्या आधी दाराचं लॉक बोटाने हलवून बघा. एका बोटाने सहज हललं पाहिजे. ही मोटर लहान असते आणि तिला जोर लावायला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. वर्षानुवर्षं धूळ आणि वाळलेलं ग्रीस खाऊन घट्ट झालेलं लॉक ती हलवू शकत नाही. मग लोक मोठी मोटर आणतात, आणि ती पत्राच वाकवते. त्यापेक्षा लॉकवर क्लीनर मारून जुना चिकटा काढा, पांढरं लिथियम ग्रीस लावा, दांड्यांच्या प्लास्टिक क्लिपा तुटल्या असतील तर बदला. निम्मं यश इथेच मिळतं.

मोटर बसवताना तिचा दांडा लॉकच्या दांडीला शक्य तितका समांतर ठेवा. कोन जेवढा वाढेल तेवढा जोर वाया जातो. मोटरीची धाव साधारण २० मिलिमीटर असते, लॉकच्या दांडीची बहुधा त्याहून कमी. म्हणून दोन्ही मधोमध आणून मग क्लॅम्पचे स्क्रू आवळा. लॉक पूर्ण लागलेलं, मोटर मात्र अर्ध्यावर, अशा स्थितीत आवळले तर एका बाजूला मोटर लॉक पूर्ण ढकलणार नाही आणि दुसऱ्या बाजूला पट्टी वाकवेल. भोक पाडताना काच पूर्ण वर घ्या, ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा आणि स्क्रू आखूडच वापरा. लांब स्क्रू काचेला घासतो, नाहीतर बाहेरच्या पत्र्याला आतून टेंगूळ आणतो. मोटर बसली की काच पूर्ण खाली, पूर्ण वर अशी दोन-तीनदा फिरवून बघा. दांडी काचेच्या वाटेत आली तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पॅनलच्या मागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकायची सवय अनेकांना असते. तो कागद फालतू नाही. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात नेहमीच शिरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते पॅनलवर आणि आत पायाशी येऊ नये म्हणून तो कागद असतो. काम झाल्यावर तो ब्यूटिल टेपने सगळीकडून घट्ट चिकटवा.

दारातून गाडीत वायर

बिजागरीजवळ मूळची रबरी नळी असेल तर वायर तिच्यातूनच न्या. कडक तारेला वायर बांधून, थोडं साबणाचं पाणी लावून ओढली की जाते. नळी नसेल तर भोकं पाडावी लागतील. दारातलं आणि खांबातलं भोक समोरासमोर नको, वर-खाली हवं. मग दार उघडताना वायरीला पीळ बसतो, ती मोडत नाही. समोरासमोर पाडलं तर वायर एकाच जागी दुमडते आणि वर्षभरात आतली तांब्याची तार तुटते. वरून आवरण धडधाकट दिसतं, त्यामुळे दोष लवकर सापडतही नाही. खांबातलं भोक वर आणि दारातलं खाली ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी दारात जाईल, गाडीत नाही. भोकाची कड कानशीने गुळगुळीत करून तिला रंग लावा आणि रबरी ग्रोमेट बसवा. रंग न लावलेली कड गंजते आणि गंज ग्रोमेटखालून पसरतो.

वीज, फ्यूज आणि अर्थ

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. गाडीत एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा, पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका आणि अशा गाडीत टेस्ट लॅम्प टोचत फिरू नका; मीटर वापरा. एक काच खाली ठेवा आणि किल्ली खिशात. दार आपोआप लागलं आणि किल्ली आत, हा प्रकार याच कामात सर्वांत जास्त होतो.

डब्याचा मुख्य पुरवठा बॅटरीवरून घेतला तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. डब्याजवळ लावलेला फ्यूज फक्त डब्याला वाचवतो; मधली वायर पत्र्याला घासली तर तिला कोण वाचवणार? चार मोटरींसाठी साधारण १५ अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येक दाराकडे ०.७५ ते १, नुसत्या संदेशाच्या वायरींना ०.५ पुरते. किटच्या कागदावर फ्यूजचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा. फ्यूज उडत असेल तर मोठा लावणं हा उपाय नव्हे.

अर्थ घेताना पत्र्याचा रंग खरवडून धातू उघडा करा, थिंबल लावा, दातेरी वॉशर घाला आणि नट आवळा. वरून थोडं ग्रीस. रंगावरून घेतलेला अर्थ पहिले काही महिने चालतो, पावसाळ्यात रुसतो.

जोड दाबून मारा किंवा सोल्डर करा, दोन्ही चालतं, पण सोल्डरला आधार द्या. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि गाडीच्या हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. हीट श्रिंक चढवून जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल टाय लावला की काम भागतं. मूळ वायरीवर चिमटा दाबून बसवायचे प्लास्टिकचे जोड दारात तर मुळीच वापरू नका. तिथे ओल असते.

बाकीच्या वायरी

इंडिकेटरसाठी डब्यातून दोन वायरी येतात. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. दोन्ही एकत्र करून एकाच ठिकाणी जोडल्या तर वळताना दोन्ही बाजू एकदम लुकलुकतात. भारही लक्षात घ्या. एका बाजूला २१ वॅटचे दोन आणि ५ वॅटचा एक दिवा म्हणजे ४७ वॅट, सुमारे ४ अँपिअर. दोन्ही बाजूंचे ८.

इग्निशनची वायर निवडताना स्टार्टर फिरत असतानाही तिच्यावर १२ व्होल्ट टिकतात का, ते मीटरने बघा. रेडिओची ॲक्सेसरी वायर त्या क्षणी बंद होते. ती जोडली तर डब्याला वाटतं गाडी बंद झाली, आणि गाडी सुरू करता करता दारं उघडतात.

दार उघडं असल्याचा संदेश हवा असेल तर आतल्या दिव्याच्या स्विचवरून घ्या. दारांच्या वायरी स्वतंत्र असतील तर प्रत्येकीला १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून त्या एकत्र करा. अर्थ देणाऱ्या स्विचना डायोडची पट्टी दाराच्या बाजूला. डिकी उघडणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेने दांडा ओढणाऱ्या कॉइलला मात्र डब्याची वायर थेट जोडू नका. ती वायर बहुधा बारीक संदेशापुरती असते आणि सोलेनॉइड कित्येक अँपिअर ओढतो. मध्ये वेगळा रिले घाला.

डब्यातून लोंबणारी एकटी वायर म्हणजे अँटेना. ती कापू नका, लांबवू नका, गुंडाळून ठेवू नका. रिमोटच्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा साधारण १७.३ सेंटिमीटर भरतो आणि वायरीची लांबी त्या हिशेबाने ठरलेली असते. पत्र्यापासून दूर, डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली सरळ सोडा. रिमोट अगदी गाडीला टेकवल्यावरच चालतो, ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्याने मिटते. डबा पेडलच्या वाटेत नको, हीटरजवळ नको आणि तळाशीही नको; जुन्या गाडीत पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून तिथेच जमतं. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा.

गडबड झाली तर

सगळी दारं उलटी चालत असतील, लॉक दाबल्यावर उघडत असतील, तर डब्याजवळ दोन मोटर वायरींची अदलाबदल करा. एकच दार उलटं असेल तर त्या दारापाशी. लॉक लागून लगेच परत उघडत असेल तर चालकाच्या दारातल्या पाच वायरींच्या मोटरीचा स्विच उलटा जोडलेला आहे: मोटर लॉक होते आणि तिचाच स्विच डब्याला सांगतो, उघड. नुसता टकटक आवाज येतो पण दार हलत नाही, तेव्हा मोटर चालू असताना तिच्या दोन वायरींवरचे व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा बरेच कमी असतील तर दोष अर्थचा किंवा जोडाचा. व्होल्ट पुरेसे असतील तर लॉक घट्ट आहे.

बॅटरी उतरत असेल तर गळती मोजा. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडा, दारं बंद, दिवे बंद, थोडा वेळ थांबून आकडा वाचा. डबा एकटा २० मिलिअँपिअर खात असेल तर महिन्याला १४.४ अँपिअर-तास होतात. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. रोज चालणाऱ्या गाडीला हे जाणवत नाही, महिनाभर झाकून ठेवलेल्या गाडीला जाणवतं.

चोराच्या बाजूने

अगदी स्वस्त किटचा रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवतो. तो एकदा हवेतून टिपून पुन्हा वाजवला की दार उघडतं. म्हणून खोक्यावर 'रोलिंग कोड' किंवा 'हॉपिंग कोड' लिहिलेलं बघा. त्यात संकेत प्रत्येक दाबाला बदलतो. हेही अभेद्य नाही. २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक सॅमी कामकार यांनी एक लहान उपकरण दाखवलं. ते रिमोटचा संकेत गाडीपर्यंत पोहोचू न देता टिपतं, दुसऱ्या दाबाला पहिला संकेत गाडीला पाठवतं आणि न वापरलेला दुसरा स्वतःकडे राखून ठेवतं. बटण पहिल्यांदा चाललं नाही, दुसऱ्यांदा चाललं, असं अनोळखी जागी वारंवार होऊ लागलं तर किल्लीने लॉक करा. खिशातल्या रिमोटवर उघडणाऱ्या प्रकाराची गोष्ट याहून वाईट. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली. ती कंपनीने बसवलेली यंत्रणा होती, तरी घरातल्या किल्लीचा संदेश दोन अँटेनांनी गाडीपर्यंत पोहोचवून दहाच्या दहा उघडता आल्या.

बटणाने इंजिन सुरू करण्याची जोड देणारी किटंही मिळतात. जुन्या गाडीत त्यासाठी स्टिअरिंगचं लॉक निकामी करायला किंवा किल्ली कायम आत ठेवायला सांगितलं जातं. तसं करू नका. पहिल्यात गाडीचा चोराविरुद्धचा एक जुना, भक्कम अडसर जातो, दुसऱ्यात किल्लीच त्याच्या हाती पडते.

पॅनलं चढवण्याआधी लॉक-अनलॉक सलग पंचवीस-तीस वेळा करा, काच खाली असताना आणि वर असताना. मग बॅटरीचं टर्मिनल काढा आणि चालकाचं दार नुसत्या किल्लीने बाहेरून उघडा. मोटर बसल्यामुळे किल्ली जड लागत असेल तर क्लॅम्प थोडा सरकवा आणि पुन्हा बघा. किल्लीने दार उघडत नसेल तोवर पॅनल लावू नका.